पिशवी काढल्यानंतर वहिनीला दिवस गेले

माझ्या वहिनीची गर्भपिशवी काढून चौदा महिने झाले होते. एका गुरुवारी दुपारी ती मला म्हणाली, "वन्सं, मला दिवस गेलेत."

मी हसले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे या गोष्टीत माझीही थोडी वाहवा आहे आणि ती ऐकताना माझं ते हसणं कुणी विसरू नये.

वहिनी एरवी मला नावाने हाक मारते. वन्सं म्हणाली, की समजायचं, काहीतरी काम आहे आणि ते टाळता येणार नाही. ती बेकरीच्या मागच्या खोलीत पिठाच्या पोत्यावर बसली होती, कोपरापर्यंत हात पिठाने पांढरे. मी हॉस्पिटलमधून नुकतीच आले होते. मी तिथल्या लॅबमध्ये आहे. तेव्हा एकवीस वर्षं झाली होती. लोकांचं रक्त, लघवी, थुंकी तपासायची, आकडे लिहायचे, कागद वर पाठवायचे. डॉक्टरांना माझं नाव ठाऊक नव्हतं. ते जिन्यावरून हाक मारायचे, "लॅब, रिपोर्ट कुठेय?" आणि मी म्हणायचे, "आणते."

"हस," वहिनी म्हणाली. "हसून झालं की सांग."

"अगं, पिशवीच नाही तर मूल राहणार कुठे?"

"मला पिशवी नाही, हे तू मला सांगतेस? पोटावर टाका तुझ्या आहे का माझ्या?"

"मग?"

"मग काय. सोमवारपासून पिठाचा वास सोसत नाही."

आता वहिनीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पिठाच्या वासाचं महत्त्व कळणार नाही.

बेकरी माझ्या वडिलांची, ते आता नाहीत. खाली भट्टी आणि दुकान, वरच्या मजल्यावर आम्ही सहाजण: आई, दादा, वहिनी, त्यांच्या दोन मुली आणि मी. दादाचा स्वभाव सोन्यासारखा, पण त्याच्या हाताला पीठ ऐकत नाही. वडिलांनी त्याला चार वर्षं शिकवलं आणि शेवटी व्हॅनची चावी दिली. तेव्हापासून तो पाव पोचवतो. वहिनी लग्न होऊन आली, आठवडाभर भट्टीच्या दारात उभी राहून बघत राहिली आणि आठव्या दिवशी वडिलांना म्हणाली, "मामंजी, आज मी मळू का?" दोन वर्षांत लोक वडिलांच्या तोंडावर सांगायला लागले, की हल्ली पाव जास्त चांगला होतो. वडिलांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. म्हणायचे, "माझं नशीब बघा, सून आणली आणि कारागीर फुकट आला."

पीठ आंबवायला ठेवतात त्या मोठ्या पिंपाजवळ बाहेरचा माणूस उभा राहिला तर नाक मुरडतो. वहिनीला तो वास जीव की प्राण. झाकण उघडून ती नुसत्या वासावरून सांगते, अजून अर्धा तास, किंवा, झालं, काढा. अख्ख्या आयुष्यात तो वास तिला फक्त दोनदा सोसला नाही. थोरलीच्या वेळी आणि धाकटीच्या वेळी. दोन्ही वेळा पाळी चुकून पंधरा दिवस होतात न होतात तोच तिला तिथेच उलटी झाली होती. बाकी काही नाही, तेलाचा वास चालायचा, धुराचा चालायचा. फक्त पीठ. दोन्ही वेळा तिने दोन-दोन महिने नाकावर लिंबाची साल धरून भट्टी चालवली, पण सोडली नाही.

धाकटी दहा वर्षांची झाली आणि वहिनीला रक्तस्राव सुरू झाला. पिशवीत गाठी होत्या. तीन वर्षं ती महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस अंगावर काढत भट्टीपुढे उभी राहिली. मी स्वतः तिचं रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन सहावर आलं होतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. मग आमच्याच हॉस्पिटलच्या मॅडमनी ऑपरेशन केलं. पिशवी काढली, दोन्ही अंडाशयं त्यांच्या नळ्यांसकट ठेवली, कारण वहिनी तेव्हा छत्तीसची होती आणि मॅडम म्हणाल्या, की ती चांगली आहेत, एवढ्या लवकर काढायचं कारण नाही. आतला एक टाका भरायला वेळ लागला. दोन महिने जा-ये करावी लागली, मॅडमनी ती जागा औषधाने जाळली आणि बरं झालं. त्यानंतर वहिनीच्या गालांवर रंग आला. जिना चढताना मध्ये थांबायची, ते बंद झालं.

म्हणजे आता पाळी चुकली, हे सांगायला पाळीच नव्हती. होता तो फक्त पिठाचा वास.

"पित्त असेल," मी म्हटलं.

"पित्त मला माहीत आहे."

"वहिनी, ऑपरेशननंतर बायकांच्या मनात येतं असं. काहीतरी गेलं, असं वाटत राहतं ना..."

हे वाक्य माझं एकटीचं नव्हतं. आदल्या दिवशी आई तिला तेच म्हणाली होती, हे मला मागाहून कळलं. वहिनीने आईलाही सांगून पाहिलं होतं आणि आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवून तिला झोपायला लावलं होतं.

वहिनी उठली. हात झटकले. "मला काहीही गेल्यासारखं वाटत नाही. तीन वर्षं जे गेलं ते रक्त गेलं, ते थांबलं, मी सुखी आहे. मला तिसरं मूल नको आहे, वन्सं. आहे म्हणून सांगते आहे. तुझ्याकडे ती पट्टी असते ना? मग बोलण्यापेक्षा ती वापर."

शुक्रवारी सकाळी मी तिचा नमुना डबीतून लॅबमध्ये नेला. मनात होतं, की तिला निगेटिव्ह आलेली पट्टी दाखवावी, म्हणजे विषय संपेल.

पट्टीवर दोन रेघा आल्या.

मी ती पट्टी खिडकीशी नेऊन पाहिली. मग तारीख पाहिली. मुदत संपायला वर्ष होतं. दुसरं पाकीट फोडलं. दोन रेघा. पट्ट्यांचा सगळा खोका खराब असेल, असं वाटून मी माझाच नमुना तपासला. एकच रेघ. पण माझ्यावर माझा विश्वास बसेना. मी चाळिशी उलटलेली एकटी बाई, पट्टी मला काय दाद देणार.

एवढ्यात दादा कॅन्टीनला पाव द्यायला आला. मी त्याला जिन्यात गाठलं आणि हातात डबी दिली.

"हे काय?"

"भरून आण."

"का?"

"विचारू नकोस."

दादाचा स्वभाव असा, की विचारू नकोस म्हटलं की तो विचारत नाही. निमूट गेला आणि घेऊन आला. त्याची पट्टी तपासली. एक रेघ. मग वहिनीची तिसरी. दोन रेघा, त्याही अशा ठसठशीत, की लांबून दिसाव्यात.

मी फोन केला. "वहिनी, रक्त द्यायला ये. आत्ता."

ती अकराच्या सुमाराला आली. दंडाला पट्टा बांधला, सुई टोचली. तीच म्हणाली, "उजवीकडे ओटीपोटात थोडं दुखतंय सकाळपासून. आणि खांदा भरून आलाय. ट्रे उचलले बहुतेक वाकडेतिकडे."

"कुठला खांदा?"

"उजवा."

खांदा हा शब्द माझ्या कानात अडकला. शिकत असताना आमच्या बाईंनी सांगितलं होतं, पोटात आतल्या आत रक्त साचलं, की ते वरच्या पडद्याला टोचतं आणि माणसाचा खांदा दुखतो. एकवीस वर्षांत मला ते कधी लागलं नव्हतं. मी वहिनीला लॅबच्या बाकावर आडवं केलं. मशीनने रक्तातल्या गर्भाच्या हार्मोनचा आकडा दिला. दिवस नसलेल्या बाईचा तो पाचच्या आत असतो. वहिनीचा अकरा हजार होता.

मी कागद घेऊन वर गेले. जिना चढताना मी ठरवत होते, की आत कसं जायचं. बाहेर पंचवीस बायका बसल्या होत्या. एकवीस वर्षांत मी कधी रांग मोडून मॅडमच्या खोलीत गेले नव्हते. कागद दारातल्या ट्रेमध्ये ठेवायचा आणि परत फिरायचं, अशी पद्धत. त्या दिवशी मी दार ढकललं.

मॅडमनी कागद पाहिला, मग वरचं नाव पाहिलं.

"हिची तर मी पिशवी काढलीय."

"हो मॅडम. माझी वहिनी आहे."

"मग हा नमुना दुसऱ्या कुणाचा असेल. लेबलं बदलली असतील."

"रक्त मी स्वतः काढलं. ट्यूब हातातून खाली ठेवली नाही."

"मशीन तपासा."

"तपासलं. त्याआधी पट्टी तीनदा केली. पट्टी खोटी नको म्हणून माझी केली. माझ्या भावाचीही केली."

मॅडमनी मान वर केली. "पुरुषाची?"

"पट्टी सगळ्यांनाच दोन रेघा देत असेल, तर त्यालाही दिल्या असत्या. नाही दिल्या."

समोर बसलेली बाई तोंडाला रुमाल लावून हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कागद पुन्हा हातात घेतला.

"असा आकडा अंडाशयाच्या काही गाठींमध्येही येतो," त्या सावकाश म्हणाल्या. "सोनोग्राफी करावी लागेल. सोमवारची वेळ घ्या."

"मॅडम, आज."

"आज यादी भरलीय."

"तिच्या उजव्या बाजूला दुखतंय आणि उजवा खांदा दुखतोय. आणि ती स्वतः म्हणतेय, की दिवस गेलेत. काल म्हणाली, तेव्हा मी हसले. आता तुम्ही सोमवार म्हणताय. मी या दारातून हलणार नाही."

हे मीच बोलले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. बाहेरच्या बायकांची कुजबुज थांबली होती. मला वाटलं, आता नोकरी गेली.

मॅडमनी कागद टेबलावर ठेवला. मग त्यांनी विचारलं, "ती कुठे आहे?"

"खाली. बाकावर."

त्या उठल्या. पंचवीस बायकांसमोरून माझ्या मागोमाग जिना उतरल्या. त्यांना लॅबमध्ये आलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. कुठला दरवाजा, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. त्या स्टोअरच्या दारात वळल्या होत्या, मी त्यांना इकडे बोलावलं. त्यांनी वहिनीची नाडी धरली, डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, पोटावर हात ठेवला. वहिनीने दात आवळले.

"किती दिवस झाले?" मॅडमनी विचारलं.

"दुखायला आज सकाळपासून. वास येऊन पाच दिवस."

"कसला वास?"

वहिनीने सांगितलं. थोरलीचं, धाकटीचं, सगळं. मॅडम ऐकून घेत होत्या, पण हात पोटावरच होता. मग त्या म्हणाल्या, "व्हीलचेअर आणा."

सोनोग्राफीचे डॉक्टर म्हातारे, काम करता करता गुणगुणायची त्यांना सवय. त्या दिवशी सुरुवातीला गुणगुणत होते. मग थांबले. यंत्र उजवीकडे सरकवलं, परत आणलं, पुन्हा नेलं. पडद्यावर करड्या रंगात मला काही कळत नव्हतं. मॅडम पुढे वाकल्या.

"नळीत," म्हातारे डॉक्टर म्हणाले. "सात आठवडे असावेत. आणि खाली रक्त साचायला लागलंय."

वहिनीनेच विचारलं, "जिवंत आहे?"

डॉक्टरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान हलवली. "हो," ते म्हणाले. "पण जागा चुकलीय, ताई. तिथे वाढू शकत नाही. नळी फुटेल."

"मला बघू दे."

त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. एका काळ्या डागात काहीतरी लुकलुकत होतं, मोहरीएवढं. वहिनी मान उचलून पाहत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे गेलं, तेवढंच. मग म्हणाली, "पिशवी नाही, दार नाही, तरी आलं. हट्टी आहे. आमच्याच घरातलं."

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मला आत्ता ऑपरेशन करावं लागेल."

"करा," वहिनी म्हणाली. "दोघी आहेत माझ्या घरी."

दुपारी दीडला तिला आत घेतलं. दादा व्हॅन हॉस्पिटलच्या दारात तशीच सोडून आला, निम्मे पाव आतच होते. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने फक्त एवढंच विचारलं, "तिने मला का नाही सांगितलं?" मी म्हटलं, "सोमवारीच सांगितलं असेल. आठव." तो आठवत राहिला. मग तोंडावर हात ठेवून म्हणाला, "सांगितलं होतं. मी म्हटलं, गंमत करू नकोस."

आम्ही तिघांनीही, आईने, दादाने आणि मी, तिला वेगवेगळ्या शब्दांत एकच उत्तर दिलं होतं.

तासाभराने मॅडम बाहेर आल्या. पोटात अर्धा लिटर रक्त होतं. नळी एका बाजूने फाटायला सुरुवात झाली होती. ती काढली; दुसरीही काढली, वहिनीने आधीच तसं सांगून ठेवलं होतं. ती ठीक होती. मॅडमनी भिंतीला टेकून टोपी काढली आणि आम्हाला नीट समजावलं. पिशवी काढली, तरी अंडाशयं होती, म्हणजे बीज दर महिन्याला तयार होतच होतं. पिशवी काढल्यावर खालून पिशवीकडे जाणारी वाट वरच्या टोकाला शिवून बंद करतात. तिथला तो एक टाका भरायला वेळ लागला होता. भरला, पण सुईच्या नाकाएवढी फट राहिली असणार आणि नळीचं टोक तिथे चिकटलं असणार. तेवढी वाट पुरली. "जगात अशा फार थोड्या नोंदी आहेत," त्या म्हणाल्या. "तीस वर्षांत मी पाहिलेली ही पहिली."

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुमचं नाव काय?"

मी सांगितलं. त्यांनी ते एकदा म्हणून पाहिलं, बरोबर आहे ना, असं विचारलं आणि गेल्या.

वहिनी पाच दिवसांनी घरी आली. ते दिवस सोपे होते, असं मी म्हणणार नाही. तिला मूल नको होतं आणि तरी ती दोन-तीनदा भिंतीकडे तोंड करून रडली. थोरली तिच्या पायाशी बसून अभ्यास करायची. धाकटीने एकदा विचारलं, "ते मुलगी होतं का?" वहिनी म्हणाली, "माहीत नाही. पण डोकं तुझ्यासारखंच असणार, कुठेही शिरायचं." आणि तिघी हसल्या.

आईचं मात्र वेगळंच सुरू झालं. आधी तिला धास्ती, की लोक काय म्हणतील. दोन दिवस दुकानात बसून तिने कुणाला काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक म्हणालं, "तुमच्या सुनेला काहीतरी भलतंच झालं म्हणे." आईने पावाची पिशवी त्याच्या हातात देता देता ऐकवलं, "भलतं काय त्यात? डॉक्टरांना कळायच्या आधी आमच्या सुनेला कळलं. यंत्राच्या आधी." त्यानंतर जो येईल त्याला ती हे ऐकवायला लागली. पाव विकत घ्यायचा, तर ही हकिकत ऐकावीच लागायची. तिनेच सुनेला डोक्यावरून हात फिरवून झोपवलं होतं, हे ती गाळायची. वहिनी वरून ऐकायची आणि गालात हसायची. ती कधी सासूला खोटं पाडत नाही.

दीड महिन्याने वहिनी भट्टीवर परतली. त्याच आठवड्यात मॅडम बेकरीत आल्या. गाडीतून उतरून, पिठाच्या खोलीत, उभ्या उभ्याच. त्यांना ही केस डॉक्टरांच्या एका मोठ्या बैठकीत मांडायची होती आणि त्यासाठी वहिनीची संमती हवी होती. नाव येणार नव्हतं. त्यांनी कागद आणला होता. वहिनी म्हणाली, "वाचून दाखवा."

मॅडम आमच्या भाषेत करून सांगायला लागल्या. वय इतकं, दोन मुलं, चौदा महिन्यांपूर्वी शस्त्रक्रिया. पेशंट मळमळ आणि ओटीपोटात दुखण्याची तक्रार घेऊन आली.

"थांबा," वहिनी म्हणाली.

मॅडम थांबल्या.

"मी मळमळ घेऊन आले नव्हते. मळमळीसाठी मी डॉक्टरकडे जात नाही, मला वेळ नसतो. मी दिवस गेलेत म्हणून सांगितलं होतं. तीन जणांना सांगितलं. त्यातल्या एकीने पट्टी लावली."

"ते बरोबर आहे. पण अशा कागदात लिहायची एक पद्धत असते," मॅडम म्हणाल्या. "पेशंटची तक्रार म्हणजे काय दुखतं, काय होतं..."

"माझी तक्रार तीच होती. ती लिहिली तर सही करते."

मला वाटलं, मॅडमना राग येईल. त्यांनी पर्समधून पेन काढलं. पिठाच्या पोत्यावर कागद ठेवून त्यांनी ते वाक्य खोडलं आणि वर नवीन लिहिलं. लिहून वाचून दाखवलं: "आपल्याला गर्भ राहिला आहे, असे पेशंटने स्वतः सांगितले. सुरुवातीला कोणीही त्यावर विश्वास ठेवला नाही."

"कोणीही, हे बरोबर आहे," वहिनी म्हणाली आणि पीठ लागलेल्या बोटांनी सही केली.

बैठकीला मॅडमनी आम्हा तिघांना बोलावलं. दादाने लग्नातला कोट काढला; खालचं बटण लागेना, म्हणून नुसतं वरचं लावलं. मोठा हॉल, दोन-तीनशे डॉक्टर, पुढे पडदा. आम्ही मागून तिसऱ्या रांगेत बसलो. मॅडमनी ते वाक्य जसंच्या तसं वाचलं. मग माझं नाव घेऊन सांगितलं, की तपासणीची खात्री कशी केली गेली. "तुलनेसाठी पेशंटच्या पतीचाही नमुना तपासण्यात आला. तो निगेटिव्ह आला." सगळा हॉल हसला आणि मग टाळ्या वाजल्या. दादाला आधी कळेना, की हे आपल्याबद्दल चाललंय. कळल्यावर तो असा ताठ बसला, की कोटाचं दुसरं बटणही गेलं.

शेवटी एका तरुण डॉक्टरने उठून विचारलं, "पण पेशंटला इतक्या खात्रीने कसं कळलं?"

मॅडम म्हणाल्या, "त्या इथे आहेत. त्यांची हरकत नसेल, तर त्यांनाच विचारू."

वहिनीने माझा हात दाबला. मग उभी राहिली. भट्टीवर कामगारांशी बोलते, त्याच आवाजात ती बोलली. "माझं काम वासाचं आहे. पीठ झालं की नाही, हे मी वासावरून सांगते आणि चूक झाली तर पाव फुकट जातो. एकोणीस वर्षांत फार कमी फुकट गेले. पिठाच्या बाबतीत सगळे माझं ऐकतात. पोटाच्या बाबतीत कुणी ऐकेना. एवढंच."

आणि बसली. त्यानंतरच्या टाळ्या मी कधी विसरणार नाही. मी रडत होते आणि दादा मला कोपराने ढोसत होता, की लोक बघतायत.

याला आता तीन वर्षं होतील. आमच्या हॉस्पिटलमध्ये तेव्हापासून मॅडमनी नियम केला. पोटात दुखतंय म्हणून कुठलीही बाई आली आणि तिची अंडाशयं शाबूत असली, की पिशवी असो वा नसो, आधी पट्टी लावायची. अशा पिशवी नसलेल्या बायकांच्या शे-दोनशे पट्ट्या मी लावल्या असतील. प्रत्येक वेळी एकच रेघ. स्टोअरवाला कुरकुरतो, की उगीच पट्ट्या संपतात. मी त्याला म्हणते, मॅडमना सांग. तो सांगत नाही. आणि जिन्यावरून आता मला नावाने हाक येते, अर्थात सगळ्यांची नाही, पण निम्म्यांची तरी.

कधीकधी रक्त द्यायला आलेली एखादी बाई दबक्या आवाजात विचारते, "ताई, पिशवी काढल्यावर दिवस जाऊ शकतात का हो?" कुणाला भीती असते, कुणाला आशा, कुणाला घरच्यांनी काहीतरी ऐकवलेलं असतं. मी सुई बाजूला ठेवते. सांगते, की मूल वाढून जन्माला येणं, ते होत नाही. त्याला पिशवी लागतेच. नुसतं राहणं, तेही लाखात एखादीला, चुकीच्या जागी, आणि ते जिवावरचं असतं, म्हणून शंका आली तर लपवायचं नाही, त्याच दिवशी यायचं. मग विचारते, की तुम्हाला काय वाटतंय, ते आधी सांगा.

बाई म्हणते, "तुम्हाला एवढं कसं ठाऊक?"

मी म्हणते, "माझ्या वहिनीला गेले होते. बसा, सांगते."